पार्वताबाईची वही

मुंबई
दि. १८ नोव्हेंबर २०१३

ती. बाबांस,
रचनाचा सप्रेम जयभीम. वि. वि.

फोनवर तुम्ही 'बरं आहे' याच्या पुढे जात नाही, म्हणून आज कागद घेतला. सगळा जन्म टपालखात्यात काढलेल्या माणसाला कागदावरच बोलतं करावं लागेल, असं ठरवलं आहे. मेकअपच्या खोलीत बसून लिहिते. दिवे लावायला अजून तासभर आहे.

आईला जाऊन येत्या शनिवारी तीन महिने होतील. ऑगस्टमध्ये मी चार दिवसांतच परत आले आणि तुम्हाला त्या घरात एकटं ठेवलं, हे मनातून जात नाही. इथे कॅमेरा सुरू झाला की माझे हात आपोआप चालतात. आमच्या स्टुडिओतल्या स्वयंपाकघराला एक खोटी खिडकी आहे आणि तिच्यामागे रंगवलेलं आभाळ. फोडणी देता देता मी त्या खिडकीकडे बघते. वाटतं, आता तिथून तलावाची पाळ दिसेल, आणि पाळीवरून रोपवाटिकेतून परतणारी आई डोक्यावर टोपली घेऊन येताना दिसेल. मग कोणीतरी सांगतं, की मॅडम, इकडे बघा.

आता कामाचं. टीव्हीवरची २०११ ची पाककलेची स्पर्धा मी आईच्या अंबाडी घातलेल्या झिंग्यांवर जिंकले. हे कोणी शिकवलं असं परीक्षकांनी विचारलं, तेव्हा मी आईचं नाव सांगितलं, आणि त्यावरूनच पुढे मला मिळालेल्या कार्यक्रमाचं नाव 'आईची चूल' ठेवलं. तेव्हापासून दर रविवारी आई फोनवर दोन पदार्थ सांगायची आणि मी टिपून घ्यायची. त्यातले आता बाराच उरले आहेत. करार मार्चअखेर संपतो. आईचे नवे पदार्थ असतील तर आणखी एक वर्ष देतो, असं निर्माते म्हणतात. एक प्रकाशकही पुस्तकासाठी मागे लागले आहेत. पण खरं सांगू का बाबा, करार आणि पुस्तक राहू दे बाजूला. रोज दुपारी दोन वाजता मी आईबद्दल बोलते आणि लोक ऐकतात. ते थांबलं, तर ती पुन्हा एकदा जाईल असं मला वाटतं.

आईने कुठे लिहून ठेवलं होतं का? एखादी वही, हिशेबाच्या कागदाची मागची बाजू, काहीही. पेटीत जरा बघाल का? आणि तुम्ही काय जेवता ते खरं खरं लिहा. चहात बुडवलेल्या टोस्टला मी जेवण समजत नाही.

माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नका.
तुमची,
रचना

०

नवेगाव बांध
दि. १ डिसेंबर २०१३

चि. रचनास,
सप्रेम जयभीम व अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझे पत्र मंगळवारी मिळाले. तिकीट जास्तीचे लावले होतेस. इतके लागत नाही.

इकडे सर्व ठीक आहे. धान कापून झाले. पेंढ्यांचे पुंजणे रचून ठेवले आहेत, चुरणे-मळणी पुढच्या आठवड्यात होईल. तलावावर थंडीतली पाहुणी बदके उतरली आहेत. सकाळी धुके इतके असते की पाणी दिसत नाही, फक्त त्यांचा आवाज येतो. मी पाळीवर जाऊन बसतो. घरी काय करायचे ते कळत नाही. दुपारी ओसरीवर डोळा लागतो आणि आवारात कोणी पाय आपटून चिखल झाडत आहे असे वाटते. तुझी आई नर्सरीतून आली की तशीच पाय आपटत असे. डोळे उघडून पाहतो तर कोणी नसते. भीती वाटत नाही. उलट, डोळे उघडायची घाई केली असे वाटते.

तू विचारलेस म्हणून पेटी काढली. वही सापडली. पांघरुणांच्या खाली होती. जुनी आहे, पाने सुटी झाली आहेत आणि शाई पसरली आहे. त्यामुळे मीच दोन दोन पदार्थ उतरवून पाठवीत जाईन. सोबत मोहफुलाच्या पुऱ्या आणि सुक्या झिंग्यांची लाखोरीच्या डाळीतली भाजी पाठवतो आहे. मापे वहीत नाहीत. तुझ्या अंदाजाने घे.

जेवणाचे म्हणशील तर शेजारच्या चमेलीबाई तलावावरून येताना काहीतरी देऊन जातात. त्यांचे यजमान आसाराम यांचे गुडघे दुखतात, तरी मासे धरायला लाकडी डोंगा घेऊन तलावात जातातच. मीही आता चूल पेटवायला शिकलो आहे. पहिल्या दिवशी इतका धूर केला की चमेलीबाई बादलीभर पाणी घेऊन धावत आल्या. पोस्टमास्तर, कायले घर जाळून राहिले, असे त्यांनी विचारले.

तब्येतीला जप. उत्तराला उशीर झाला तरी चालेल, माया उशिरा येऊ नये.
तुझा,
बाबा

०

मुंबई
दि. ६ जानेवारी २०१४

ती. बाबांस,
रचनाचा सप्रेम जयभीम. वि. वि.

बाबा, तुमची तिन्ही पाकिटं पोचली. मोहफुलाच्या पुऱ्यांचा भाग झाला, आणि साताऱ्याच्या एका आजींनी पोस्टकार्ड टाकून मोहफूल कुठे मिळेल असं विचारलं आहे. पोस्टकार्ड पाहून तुमची आठवण आली. कार्यालयातल्या मुलींना ते काय आहे हेच कळेना.

मी तुमच्या अक्षरातली आईची पानं पुन्हा पुन्हा वाचते. मरळच्या रश्शात तिने लिहिलं आहे ना, 'सारखं ढवळू नको, मासा मेला आहे, तो कुठे पळून जात नाही.' मी कॅमेऱ्यासमोर ते तसंच्या तसं म्हटलं आणि सगळे हसले. अगदी तिच्यासारखं वाक्य आहे. पण एक गंमत सांगू? तिच्या तोंडून मी ते कधी ऐकलं नव्हतं. आईचं काहीतरी नवं अजून माझ्यापर्यंत येतं आहे, या विचारात मी दोन दिवस होते.

प्रकाशक म्हणतात, पुस्तकाच्या पहिल्या पानावर आईच्या अक्षरातलं एक पान छापू. वही रजिस्टरने पाठवता का? नीट सांभाळून परत करीन.

आणि धुक्यात पाळीवर बसताना कान बांधा. नुसता पंचा चालायचा नाही. मफलर पाठवला आहे, तो आसारामकाकांना देऊन टाकू नका.

आठवणीत असू द्या.
तुमची,
रचना

०

नवेगाव बांध
दि. २० जानेवारी २०१४

चि. रचनास,
सप्रेम जयभीम व आशीर्वाद. वि. वि.

मफलर मिळाला. उबदार आहे. आसारामांना दाखवला, दिला नाही.

वही टपालाने पाठवणे मला बरे वाटत नाही. एकतीस वर्षे मी लोकांना सांगत आलो की रजिस्टर केले की निश्चिंत राहा. पण आता स्वतःची वस्तू द्यायची वेळ आली तर हात पुढे होत नाही. तू यावर हसशील. हस.

धान विकले. थोडे खाण्यापुरते ठेवले. नवा तांदूळ शिजला की घरभर वास जातो. काल तो वास आला आणि मी दोन ताटे मांडली. मग एक उचलून ठेवले.

सोबत कोचईच्या (तिकडे अळू म्हणतात) पानांची पातळ भाजी लिहून पाठवतो. पाने चिरून, तेलात लसूण घालून परतायची, बेसन लावायचे आणि पाणी सोडून शिजू द्यायचे. बस इतकेच. मी करून पाहिली, चांगली लागली.

जीवाला जप आणि आमच्यावर जीव असू दे.
तुझा,
बाबा

०

मुंबई
दि. १४ फेब्रुवारी २०१४

ती. बाबांस,
रचनाचा सप्रेम जयभीम. वि. वि.

काल एक घोळ झाला, तो तुम्हाला दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी मीच सांगते. कोचईची भाजी केली. पाहुण्या म्हणून एक नाटकात काम करणाऱ्या बाई आल्या होत्या. त्यांनी दोन घास खाल्ले आणि घसा धरून बसल्या. खाज सुटली, डोळ्यांत पाणी आलं, चित्रीकरण दीड तास थांबलं. कोकम आणा, दही आणा, अशी धावाधाव झाली. बाई चांगल्या होत्या, नंतर म्हणाल्या की आयुष्यात पहिल्यांदा माझ्या तोंडून शब्द फुटला नाही, घरचे खूश होतील. भाग तसाच दाखवणार आहेत, खाजेचा तेवढा भाग कापून.

बाबा, कोचईला आंबट लागतं हे मला माहीत नाही का? पानं चिंचेच्या पाण्यात उकळून घेतली नाहीत तर घसा धरतो, हे कोणीही सांगेल. मला स्पर्धेच्या पहिल्या फेरीतसुद्धा कळत होतं. चिंचेची वाटी माझ्या हाताशी होती, ती मी बाजूला सारली. आईने लिहिलं नाही, म्हणजे तिच्या पद्धतीत नसेल, असं मला वाटलं. मला जे येतं त्यापेक्षा ती जे म्हणते ते मी खरं धरलं. ती चुकली असेल असं मनातसुद्धा आलं नाही.

वहीतलं ते पान पुन्हा बघाल का? शाई पसरून चिंचेची ओळ गेली असेल. दोन मार्चला मी येते आहे, प्रकाशकांचा फोटोवाला सोबत असेल. वही घरातच राहील, तो तिथेच फोटो काढेल. मग तुमची टपालाची काळजी मिटली.

येताना काय आणू ते कळवा. आणि माया राखून ठेवा, मी येऊन घेईन.
तुमची,
रचना

०

नवेगाव बांध
दि. २० फेब्रुवारी २०१४

चि. रचनास,
सप्रेम जयभीम व आशीर्वाद. वि. वि.

फोटो काढणाऱ्या माणसाला आणू नकोस. वही नाही. कधीच नव्हती.

हे पत्र मी तीन दिवस लिहितो आहे. मधल्या काळात एक वाईट गोष्टही करून पाहिली. तुझी आई बाळंतपणाला माहेरी, सडक अर्जुनीला गेली होती, तेव्हाची तिची दोन पत्रे माझ्याजवळ आहेत. ती समोर ठेवून तिच्या अक्षरात एक पान लिहून पाहिले. ती जोर देऊन लिहीत असे, कागदाच्या मागून बोट फिरवले तरी अक्षरे हाताला लागत. माझा हात हलका पडतो. चार ओळी झाल्या आणि मला तिच्यासमोर चोरी करताना सापडल्यासारखे झाले. तो कागद चुलीत घातला.

मी पाठवलेले सगळे पदार्थ चमेलीबाईंचे आहेत. एकट्याला जेवायचे आहे, असे सांगून मी त्यांच्याकडून विचारून घेत गेलो, घरी करून पाहत गेलो आणि तुला लिहीत गेलो. मासा पळून जात नाही हे वाक्य त्यांनी मला उद्देशून म्हटलेले आहे. कोचईची पाने त्यांनी दिली तेव्हा ती चिंचेच्या पाण्यात उकळून, पिळून दिली होती. या माणसाला काही कळत नाही, हे त्यांना ठाऊक होते. मला ठाऊक नव्हते की त्यांनी आधीच सगळे करून दिले आहे. तो भाग इथे दिसला तेव्हा त्या कुंपणापाशी येऊन एवढेच म्हणाल्या, पोस्टमास्तर, चिंच कोठी गेली? म्हणजे त्यांना सगळे समजलेले आहे. बहुधा पहिल्या दिवसापासून.

आता याहून जुने सांगतो. तुझ्या आईला रांधायला आवडत नसे. भात लागायचा, डाळ कच्ची राहायची, आणि तिला त्याचे वाईटही वाटत नसे. सकाळी सातला नर्सरीत जाऊन संध्याकाळी परत येणारी बाई ती. दिवसभर पिशव्यांत माती भरायची, बांबूची, सागाची, जांभळाची रोपे वाढवायची. तुला जे आईच्या हातचे म्हणून आठवते, ते चमेलीबाईंच्या घरून येत असे. दोघी नर्सरीत एकाच रांगेत बसत. चमेलीबाई घरी रांधायच्या तेव्हा एक वाटा पाळीकडच्या मागच्या दारी झाकून ठेवायच्या. तुझी आई तो भांड्यासकट टोपलीत घालून, वर रोपांच्या रिकाम्या पिशव्या टाकून आणत असे. आपल्या चुलीवर गरम करून तुला वाढत असे. तू लहान होतीस. चुलीपाशी आई बसलेली आणि ताटात झिंगे, एवढेच तुला दिसत असे. तू स्पर्धेत खोटे बोलली नाहीस.

झाकून का आणावे लागे ते तू आता मोठी आहेस, समजशील. त्या काळी कुंपणापलीकडच्या त्यांच्या वस्तीतून आपल्या वस्तीत त्यांच्या घरचे भांडे येणे त्यांच्या सासूबाईंना चालले नसते. एकदा नुसता संशय आला तर त्यांनी चमेलीबाईंना दोन दिवस चुलीला हात लावू दिला नव्हता. म्हणून या दोघींनी ठरवले की कोणालाच सांगायचे नाही, आसारामांनाही नाही. बदल्यात तुझी आई चमेलीबाईंच्या माहेरची पत्रे वाचून दाखवायची आणि उत्तरे लिहून द्यायची. चमेलीबाईंच्या पत्रांवर मला तुझ्या आईचे अक्षर टपालात दिसे, त्यावरून मला सगळे कळले. मीही बोललो नाही.

तू जिंकलीस त्या दिवशी तुझी आई टीव्हीसमोरून उठून सरळ कुंपणापाशी गेली. मी ओसरीवर होतो. ती म्हणाली, चमेले, नाव माहं झालं अन् हात तुहा, आता कसं करू? चमेलीबाई म्हणाल्या, राहू दे, मासे माहे पन पोर तुई आहे ना. मग दोघी हसल्या. पुढे रविवारी तुला फोन करायच्या आधी तुझी आई कुंपणापाशी जाऊन उभी राहत असे आणि ऐकलेले पाठ करत परत येत असे. शाळेत कधी तिने एवढे पाठांतर केले नसेल. नागपूरच्या दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात तिने मला सांगितले की चमेलीचे नाव निघू देऊ नका, तिचे घर राहू द्या. सासूबाई आता नाहीत, पण आसाराम आहेत, त्यांना हे माहीत नाही. मी हो म्हटले होते. तो शब्द आज मोडला.

वही सापडली असे मी का लिहिले ते मला नीट सांगता येत नाही. तू तिचे काहीतरी मागत होतीस आणि घरात तिचे काही उरले नाही असे लिहायला हात चालेना. आता तुझ्या आईला लोक सुगरण म्हणतात. ऐकून मला दुपारी बरे वाटते आणि संध्याकाळपर्यंत वाटते की ज्या बाईबद्दल बोलतात तिला मी ओळखत नाही. मला माझी पाहिजे. तिचे केलेले पाहायचे असेल तर उद्यानाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंची जांभळे बघ. तिच्या हातच्या पिशवीतून गेलेली आहेत.

रागावलीस तरी चालेल. पण तुटू नकोस.
तुझा,
बाबा

०

मुंबई
दि. ८ मार्च २०१४

ती. बाबांस,
रचनाचा जयभीम. वि. वि.

पत्र वाचून आठ दिवस झाले. दोन मार्चचं येणं रद्द केलं. रागावले आहे. कोणावर ते कळत नाही. तुम्ही खोटं लिहिलंत म्हणून रागवावं, तर त्या पत्रांनी मला जेवू घातलं आहे.

काल स्टुडिओत खोट्या चुलीपाशी बसले आणि डोळे मिटून आठवायचा प्रयत्न केला. आईने कधी झिंगे निवडले होते का, अंबाडी खुडली होती का, काहीच येईना. फक्त टोपली खाली ठेवल्याचा आवाज, तिच्या नखांतली काळी माती आणि झाकण उचलल्यावरची वाफ. झाकणापासूनच सगळं सुरू होतं. त्याच्या आधीचं काही नाही. एवढी वर्षं ते माझ्या लक्षात कसं आलं नाही?

मी निर्मात्यांना सांगितलं. ते वाईट माणूस नाहीत. त्यांनी पाणी मागवलं, दार लावलं आणि म्हणाले, की हे तुम्हाला, मला आणि तुमच्या बाबांना माहीत आहे, आणखी कोणाला कळायची गरज काय? आई ही भावना आहे, म्हणाले. लोकांना शेजारीण नको असते. एकतीस तारखेला नव्या करारावर सही करायची आहे. आहे तसं ठेवलं तर वर्ष मिळेल. नाही तर शेवटचा भाग अठ्ठावीसला.

गप्प राहिले तर आईचं नाव राहील, तुमचा शब्दही राहील. पण चमेलीकाकू रोज दुपारी दोन वाजता स्वतःचं रांधलेलं दुसऱ्याच्या नावाने बघत राहतील. आणि बोलले तर त्यांच्या घरात काय होईल ते मला माहीत नाही. हे मी इथे बसून ठरवू शकत नाही. बाबा, तुम्ही जाऊन त्यांना विचारा. त्या जे म्हणतील ते त्यांच्याच शब्दांत लिहा. तुमच्या शब्दांत नको. तुमचे शब्द किती चांगले असतात ते आता मला माहीत झालं आहे.

राग ओसरेपर्यंत तुम्हीच माया करत राहा.
रचना

०

नवेगाव बांध
दि. १६ मार्च २०१४

चि. रचनास,
जयभीम व आशीर्वाद. वि. वि.

चमेलीबाई ओसरीवर बसल्या आहेत. सांगतील तसेच लिहायचे, एक शब्द इकडेतिकडे करायचा नाही, अशी ताकीद दिली आहे. लिहून झाल्यावर वाचून दाखवायचे आहे. पुढचे सर्व त्यांचे.

रचने, चमेलीकाकूचा राम राम. तू बरी असशीन. टीव्हीत सुकून गेलेली दिसून राहिली. रांधून लोकायले खाऊ घालते अन् स्वतः खात नाही काय? बाप सांगते का तू लय इचारात पडली. कायले पडतं? ऐक. तुई माय माही सई होती. तिले भात शिजवता येत नव्हता, मले सही करता येत नव्हती. तिनं माह्या मायले चिठ्ठ्या लिवल्या, तवा माय समजे पोरगी शिकली. मेली तवापर्यंत तिले वाटे, चमेलीचं अक्षर किती सुंदर आहे. मी कवा सांगतलं नाही. आता बोल, चोर कोन?

टीव्हीवर तू मायचं नाव घेतं तवा मले वाईट नाही वाटत. पन त्या दिवशी कोचईत चिंच नाही टाकली तवा वाईट वाटलं. खाज सुटली ते बापानं सांगतलं. रांधनं माहं अन् खाज पार्वताच्या नावानं. मेलेल्या बाईच्या नावानं घसा धरला कोनाचा, हे बरं नाही. म्हून सांगून टाक. माहं नाव घे. पार्वताचं काढू नको. मी रांधलं, तिनं आनलं. आननं सोपं होतं काय? मी तं चुलीपाशी बसली रायची. पाळीवरून गावाच्या डोऱ्यादेखत ती येत होती.

माह्या घरधन्याचं तू सोड. त्याले काय सांगाचं ते माहं मी पाहीन. भेव वाटते, खोटं नाही बोलत. पन आता गुडघ्यानं कोठी पयते तो. मुंबईले मले बोलावू नको, मी येनार नाही. पोस्टमास्तरले आता वरन बरं जमते. भाजी नाही जमत.

एवढे सांगून त्यांनी वाचून घेतले. सही करते म्हणाल्या. खाली जे आहे ते त्यांनी स्वतः काढले आहे. पार्वताने शिकवले होते असे म्हणतात, मला माहीत नव्हते.

चमेली

मी काही जोडत नाही. तू सांगशील ते मला मान्य आहे.
तुझा,
बाबा

०

नवेगाव बांध
दि. ३० मार्च २०१४

चि. रचनास,
सप्रेम जयभीम व अनेक आशीर्वाद. वि. वि.

परवाचा तुझा शेवटचा भाग आम्ही पाहिला. करार वाढवला नाही हे फोनवर तू एका वाक्यात सांगितलेस. मीही बरं आहे एवढेच म्हटले. म्हणून आता सविस्तर लिहितो.

चमेलीबाईंनी घरी काहीच सांगितले नव्हते. दोन दिवस त्या म्हणत राहिल्या की आज सांगीन, उद्या सांगीन. शेवटी अठ्ठावीसला दुपारी दीड वाजता कुंपणाला वळसा घालून, फाटकातून, आसारामांना घेऊन आपल्याकडे आल्या. हातात झाकलेले पातेले होते. आमचा टीव्ही बिघडला, असे त्यांनी आसारामांना सांगितले होते. त्यांच्या मागून त्यांच्या वस्तीतल्या दोघीतिघी आल्या. मी सतरंजी टाकली. आसाराम सतरंजीवर बसले नाहीत, उंबऱ्याबाहेर खाटेवर बसले. दार उघडे होते, तिथून दिसत होते.

तू झिंगे निवडायला घेतलेस. मग तू बोलू लागलीस. कोणी रांधले, कोणी झाकून आणले, का झाकावे लागले, सगळे सांगितलेस, आवाज न चढवता. चमेलीबाईंचे पूर्ण नाव घेतलेस. बाहेर ऊन इतके पांढरे होते की आवार पाण्याखाली गेल्यासारखे दिसत होते. मला वाटले, आपण सगळे तळाशी बसलो आहोत आणि वरून कोणीतरी डोंगा घेऊन चालले आहे. चमेलीबाई पदराचे टोक बोटाला गुंडाळत होत्या, सोडत होत्या. त्या तुझ्याकडे बघत नव्हत्या. दारातून खाटेकडे बघत होत्या.

भाग संपला. मी टीव्ही बंद केला. आसाराम काठी टेकून उठले, आत आले आणि सतरंजीवर माझ्या शेजारी बसले. गुडघ्यामुळे बसायलाही वेळ लागला, कोणी मदत केली नाही, करायचे सुचले नाही. बसल्यावर बायकोला म्हणाले, तीस वर्सं तलावातून मासे मी आनून राहिलो. किती आनलं अन् ताटात किती आलं, ते मले समजत नव्हतं काय? चमेलीबाईंनी विचारले, मंग बोलले काऊन नाही? ते म्हणाले, बोललो असतो तं बुढ्या मायच्या कानी गेलं असतं.

मग त्यांनी पातेल्याकडे बोट केले. मी ताटे मांडली. चमेलीबाईंनी तुझ्या आईच्या चुलीपाशी बसून सगळ्यांना वाढले. वस्तीतल्या बाया आधी एकमेकींकडे पाहत होत्या, मग एकीने हात धुतले, मग सगळ्यांनी. आसारामांनी भात दोनदा घेतला आणि पोस्टमास्तर, भात कोनं शिजवला, असे विचारले. मी म्हटले, मी. ते म्हणाले, लागला आहे. मी म्हटले, या घरात असाच होतो.

सगळे गेल्यावर मी भांडी घासली. दुपार कलली होती. झोप आली नाही, यायला पाहिजे असेही वाटले नाही.

तू मे महिन्यात येते म्हणालीस. पुढचे काम मिळायला वेळ लागला तर जास्त राहा. चमेलीबाई म्हणतात, शिकायचे असेल तर चुलीपाशी बसून शीक, कागदावरून शिकलेल्याने काय होते ते दिसलेच. मलाही सोबत बसायची परवानगी आहे, ढवळायची नाही.

तुझ्यावरचा आमचा लोभ आहे तिथेच आहे, तू येऊन बघ.
तुझा,
बाबा